फक्त डबा बदलला

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. नेरळचा भाद्रपदातला पाऊस म्हणजे 'निघतो, निघतो' म्हणत उंबऱ्यात अर्धा तास गप्पा मारणारा पाहुणा. गणपती कधीच गेले, हा चपला घालून अजून दारातच. लाइट सव्वाअकराला गेली. इन्व्हर्टर मधूनमधून 'पीं' करून आपण फार वेळचे सोबती नाही हे सुचवतोय. आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एक प्रश्न उत्तराची वाट बघत उभा आहे.

प्रश्न इंग्रजीत आहे. त्याचा भावार्थ असा: 'ही फाइल बसवल्यानंतर तुम्ही, किंवा तुमच्या एखाद्या स्क्रिप्टने, तिच्यात बदल केलाय. इकडे पॅकेजवाल्यांनीही तिची नवी आवृत्ती पाठवली आहे. तर काय करू?' खाली पर्याय. वाय किंवा आय दाबा, नवी घेतो. एन किंवा ओ दाबा, तुमचीच ठेवतो. डी दाबलंत तर दोन्हींतला फरक दाखवतो. आणि झेड दाबलंत तर तुम्हाला थोडा वेळ बाहेर सोडतो, स्वतः जाऊन परिस्थिती बघून या. काहीच न सुचून नुसतं एंटर दाबलंत तर तुमची फाइल आहे तशी राहील.

बावीस वर्षं संसार केला. घरातली एखादी वस्तू बदलण्याआधी इतक्या सभ्यपणे मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

सर्व्हर भिवंडीकडच्या एका मालवाहतूक कंपनीचा. गाड्यांची चलनं, पावत्या, कुठला ट्रक कुठल्या नाक्यावर अडकलाय, सगळं त्यावर चालतं. तो असतो डेटा सेंटरमध्ये, एसीत. मी असतो नेरळला, पंख्याखाली, आणि लाइट गेली की पंख्याशिवाय. या नोकरीत दाखवण्यासारखं काही नसतं. सगळं नीट चाललं तर लोक विचारतात, हा दिवसभर करतो काय? आणि बंद पडलं तर विचारतात, हा दिवसभर करत होता काय?

आज डेबियन १२ वरून १३ वर जायचा मुहूर्त आहे. डेबियन ही लिनक्सची एक जुनी, पापभीरू शाखा. १९९३ साली इयन मर्डॉक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ती काढली आणि नाव ठेवताना आधी मैत्रीण डेब्राचं नाव घेतलं, मग मागून स्वतःचं जोडलं. बायकोने हे ऐकलं तेव्हा तिने माझ्या सर्व्हरचं नाव विचारलं होतं. ते 'सर्व्हर-दोन' आहे. असो. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची नावं देतात. बारावी बुकवर्म, तेरावी ट्रिक्सी, आणि जी कायम अर्धीकच्ची असते तिचं नाव सिड, खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या कार्ट्याचं. माथेरानच्या खेळण्यातल्या गाडीच्या गावात राहून खेळण्यांच्याच नावाचा सर्व्हर माझ्या वाट्याला यावा, यामागे काही योजना असेल तर ती मला कुणी कळवलेली नाही.

आता प्रश्नातली ती फाइल म्हणजे कॉन्फिग फाइल, प्रोग्रॅमने कसं वागायचं ते लिहून ठेवलेली. ती म्हणजे काय, हे आईला मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिनेच मला समजावलं. "म्हणजे मिसळणाचा डबाच की," ती म्हणाली.

आमच्या मिसळणाच्या डब्याला इतिहास आहे. जुना पितळी डबा, सात वाट्या. आईची फोडणी हातावर चालते. नजर सिरियलवर, कान कुकरच्या शिट्टीकडे आणि हात डब्यात. पलीकडच्या कडेला मोहरी, तिच्या उजवीकडे जिरं, मग हळद, तिखट, धणेपूड, मेथी, आणि मधे हिंगाची डबी. चाळीस वर्षांत हा क्रम कधी लिहून ठेवायची वेळ आली नाही, कारण तो डोक्यात नव्हताच, मनगटात होता. मग एका दसऱ्याला बायकोने कल्याणहून नवा स्टीलचा डबा आणला, काचेच्या झाकणाचा. आणला तो आणला, रात्री हौसेने भरून पण ठेवला. रंगसंगतीने. पिवळ्याशेजारी लाल, लालशेजारी तपकिरी, आणि मेथी कुठेच शोभेना म्हणून पलीकडच्या कडेला.

दुसऱ्या दिवशीच्या आमटीत मोहरीच्या मापाने मेथी पडली. अर्धी आमटी संपेपर्यंत कुणी बोललं नाही. आमच्या घरात जेवताना सत्य सांगण्याची पद्धत नाही. शेवटी मुलगा म्हणाला, "आजी, आज औषध घातलंय का?" आई बायकोकडे बघायला लागली, बायको डब्याकडे. आणि मग ती म्हणाली ते वाक्य मी गेली वीस वर्षं कामावर ऐकतोय, मीही अनेकदा म्हटलंय, फक्त इतक्या शुद्ध रूपात कधी ऐकलं नव्हतं.

"मी फक्त डबा बदलला."

१९ जुलै २०२४ आठवतो? शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभर एक छोटंसं अपडेट पाठवलं आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. विमानं अडकली, आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, आणि ते पास लोकांनी फ्रेम करण्याइतक्या कौतुकाने फेसबुकवर टाकले. त्या कंपनीनेही प्रोग्रॅमला हात लावला नव्हता. चोर कसा ओळखायचा याची सूचना देणारी एक फाइल पाठवली होती, बस. फक्त डबा. त्या दिवसापासून शुक्रवारी अपडेट मारायचा नाही हा आमच्या धंद्यातला नियम अमावास्येच्या पंक्तीला जाऊन बसला. त्याआधीही होताच, पण त्याआधी त्याला अंधश्रद्धा म्हणत.

तर सर्व्हरवरचं बाकी सगळं परक्यांनी लिहिलेलं असतं. कुणी फिनलंडचा, कुणी ब्राझीलचा, कुणी रात्री जागणारा, कुणी फुकट राबणारा. त्या सगळ्या ढिगाऱ्यात आपलं म्हणावं असं एकच, या कॉन्फिग फाइली. आणि त्या ज्या फोल्डरमध्ये असतात त्याचं नाव ईटीसी. एट सेटेरा. युनिक्सच्या सुरुवातीच्या लोकांनी, जे दुसरीकडे कुठे बसत नव्हतं ते या फोल्डरात टाकलं, आणि पुढे तिथेच मशीनचा सगळा जीव गोळा झाला. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, पासवर्ड कुठला, दार कुठलं, सगळं 'वगैरे'त. लग्नपत्रिकेत आपल्या नावाऐवजी 'आणि समस्त परिवार' छापलेलं बघून गप्प बसलेल्या कुठल्याही काकाला हे दुःख कळेल. सगळं लग्न त्यानेच उभं केलेलं असतं.

या 'वगैरे'ची काळजी डेबियन ज्या रीतीने घेतं, ती बघून मला दर वेळी भरून येतं. त्याच्याकडे डीपीकेजी नावाचा कारभारी आहे. पहिल्यांदा फाइल बसवताना तो तिचा ठसा वहीत घेऊन ठेवतो. अपडेट आला की तीन गोष्टी ताडून बघतो: मी दिलेली जुनी, आता आलेली नवी, आणि सध्या घरात नांदते ती. तुम्ही काही बदललं नसेल तर मुकाट्याने नवी घालतो. पॅकेजवाल्यांनी काही बदललं नसेल तर तुमचीला हात लावत नाही. दोघांनीही बदललं असेल तरच तो दार वाजवतो आणि विचारतो. यातलं सर्वांत थोर कलम मात्र वेगळंच आहे. तुम्ही एखादी फाइल मुद्दाम उडवली असेल, तर पुढच्या अपडेटला तो ती आपण होऊन परत आणत नाही. माणसाने काढली म्हणजे काही विचार करूनच काढली असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे लग्नात आलेलं मोराचं भिंतीवरचं घड्याळ मी आजवर तीनदा माळ्यावर टाकलं आणि ते तिन्ही वेळा दिवाळीच्या साफसफाईनंतर हॉलमध्ये उगवलं.

रेड हॅटच्या वाटेने जाणारे लिनक्सवाले असं दार वाजवत नाहीत. तिथला आरपीएम हा कमी बोलणारा गडी. तो एक तर तुमची फाइल राहू देतो आणि नवी शेजारी 'आरपीएमन्यू' शेपूट लावून ठेवतो, म्हणजे आत्याबाईंनी दिलेला डिनर सेट खोक्यातच राहतो. नाही तर नवी मांडतो आणि तुमची 'आरपीएमसेव्ह' म्हणून बाजूला सारतो, म्हणजे तुमचं कपाट गॅलरीत गेलेलं असतं. दोन्हीपैकी काय झालं हे तो जाता जाता एका ओळीत सांगतो, आणि ती ओळ इतर चारशे ओळींबरोबर वर सरकून निघून जाते.

एवढं सगळं माहीत असून दोन वर्षांपूर्वी मी जे केलं ते सांगायला हवं. तेव्हा सर्व्हर ११ वरून १२ वर न्यायचा होता. डीपीकेजीने पहिला प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. दुसरा विचारला. सहाव्या प्रश्नाला मला वाटलं, हा कारभारी नाही, मुलीकडची मंडळी आहेत. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकदाच ठोक देण्याची सोय असते. दोन सोयी आहेत, 'सगळ्याला जुनंच ठेव' आणि 'सगळ्याला नवंच घे'. शनिवारची रात्र, घरात भजी तळल्याचा वास. मी 'नवंच घे' सांगितलं आणि जेवायला गेलो.

रविवार शांततेत गेला. सोमवारी सकाळी नऊपासून फोन. ड्रायव्हर माल उतरवला की चलनाचा फोटो मोबाइलवरून चढवतात, तो चढेना. एकाचाही नाही. म्हणजे एक सोडून. कुठलासा एक म्हातारा ड्रायव्हर होता, त्याच्याकडे कॅमेऱ्यावर चरा पडलेला जुनापुराणा मोबाइल. त्याचं चलन पहिल्या झटक्यात चढलं. दुसरंही चढलं. दहा वाजेपर्यंत गोदामात बातमी पसरली की कंपनीच्या ॲपला त्याचाच मोबाइल चालतो, आणि लोक त्याच्या हातात आपली चलनं द्यायला लागले. त्याने चहावर फोटो काढून द्यायला सुरुवात केल्याचं मला नंतर कळलं.

नेमकी तेवढ्यात माझ्या घरची लाइट आणि रेंज दोन्ही गेली. लॅपटॉप पिशवीत घालून, वर प्लास्टिक गुंडाळून स्टेशन गाठलं. प्लॅटफॉर्मवर पत्र्याखाली एक कोपरा आहे, तिथे रेंज सहसा सापडते. सकाळची गर्दी ओसरली होती. माझ्याच वयाचे एक गृहस्थ लोकल चुकल्यामुळे शेजारी येऊन बसले आणि पडद्यात डोकावून म्हणाले, "शेअर का?"

"नाही, सर्व्हर."

"पडलाय?"

"नाही, चालू आहे."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मलाही हवं होतं. सर्व्हर चालू, डिस्कवर जागा, डेटाबेस ठणठणीत. तास गेला. मग नोंदवहीत पुन्हा पुन्हा एकच आकडा दिसला, ४१३. माल मापापेक्षा मोठा आहे. आणि डोक्यात लख्ख पडलं. एन्जिनएक्स हा आमचा दारवान. मुळात तो एक एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही. मोबाइलचा फोटो चार एमबीचा. म्हणून कधीकाळी मीच त्याच्या फाइलीत एका ओळीने ती मर्यादा वीसवर नेली होती. 'नवंच घे' म्हटल्यावर ती ओळ गेली आणि दारवान पुन्हा एकवर आला. म्हाताऱ्या ड्रायव्हरचा फोटो इतका वाईट होता, की तेवढाच दारातून मावत होता.

डीपीकेजीचं मोठेपण बघा, तेव्हाही त्याने माझी जुनी फाइल फेकली नव्हती. शेजारीच 'डीपीकेजी-ओल्ड' असं शेपूट लावून ठेवली होती. मी तासभर सगळं गाव धुंडाळत होतो आणि ती तिथेच होती. ओळ परत टाकली, फाइल तपासून घेतली, दारवानाला हाक मारली. शेजारच्या गृहस्थांची लोकल आली. चढता चढता त्यांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "काय होतं?" मी म्हटलं, एक ओळ. त्यांच्या चेहऱ्यावर, ठाण्याला उतरेपर्यंत पुरेल इतकी निराशा दिसली.

त्यानंतर मी सुधारलो. म्हणजे प्रत्येक फाइलीची प्रत काढून ठेवायला लागलो. प्रतींची नावं अशी: 'जुनी', 'जुनी-दोन', 'चालणारी', 'खरंच चालणारी', 'गणपतीआधी'. यातली एक प्रत मी एन्जिनएक्सच्या चालू साइटींच्या फोल्डरातच ठेवली, हाताशी असावी म्हणून. तो फोल्डर असा आहे की त्यात जे जे असेल ते सगळं एन्जिनएक्स वाचतो, नाव काहीही असो. त्याला एकाच साइटीच्या दोन फाइली दिसल्या, एक आजची आणि एक गणपतीआधीची, दोघींचाही दावा 'मुख्य साइट मीच', आणि त्याने उठायलाच नकार दिला. उलट, कुणाला किती अधिकार ते ठरवणाऱ्या सुडोच्या फोल्डरात नावात टिंब असलेली फाइल असली तर तो तिच्याकडे बघतही नाही. एक घर आलेल्या प्रत्येकाला जेवायला बसवतं, दुसऱ्याला नावातलं टिंब खपत नाही. आणि हे दोघे एकाच 'वगैरे'त राहतात.

खरा उपाय मला घरात मिळाला. आमटीच्या प्रकरणानंतर पंधरा दिवस स्वयंपाकघरात तह चालला होता. मग बायकोने आईचा पितळी डबा आईच्या क्रमाने पुन्हा मांडून जागेवर ठेवला आणि स्वतःचा काचेच्या झाकणाचा डबा शेजारी, स्वतःच्या रंगसंगतीने. तुमच्याला हात नाही, माझ्याला हात लावायचा नाही. शहाणे सर्व्हरवाले हेच करतात. मूळ फाइल जशी आली तशी राहू द्यायची आणि आपल्या दोन-चार ओळी शेजारच्या 'कॉन्फ-डी' फोल्डरात वेगळ्या फाइलीत लिहायच्या. मग पॅकेजवाल्यांनी मूळ फाइल शंभरदा बदलली तरी कुणी कुणाला विचारायला जात नाही.

फक्त दोन डबे झाले की चालणार कुणाचं, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर घराघरात वेगळं. सगळे प्रोग्रॅम उठवणाऱ्या सिस्टमडीकडे जो शेवटी बोलेल त्याचं खरं. लांबून आत घेणाऱ्या एसएसएचकडे जो आधी बोलेल त्याचं, नंतरचे कितीही ओरडोत. म्हणून लोक आपल्या फाइलींना '१०', '५०', '९९' असे नंबर लावून रांगेत उभं करतात. मी अशी एक फाइल बघितली आहे जिचं नाव ९९ ने सुरू होऊन पुढे दोन झेड होते. तिच्या मालकाची घरी काय परिस्थिती असेल याचा मी अंदाज बांधू शकतो.

नेरळकरांना खरं तर हे शिकवायला नको. आमच्या डोक्यावरून रोज उदाहरण जातं, पावसाळा सोडून. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या हिमतीने माथेरानची गाडी सुरू झाली. रुळांतलं अंतर दोन फूट, आणि वळणं अशी की मागच्या डब्यातल्याला इंजिन समोरासमोर भेटतं. जर्मनीहून ओरेनस्टाइन अँड कोपेलची इंजिनं आणली, तर त्यांच्या चाकांना वळणावर थोडं इकडेतिकडे सरकायची मुभा ठेवून आणली. पुढे वाफ गेली, डिझेल आलं. डबे बदलले, रंग बदलले, तिकिटं बदलली. पण वळणांना कुणी म्हटलं नाही की नव्या इंजिनाच्या सोयीने सरळ व्हा. जे येईल त्याने दोन फुटांत बसायचं. इंजिन अपडेट, वळणं कॉन्फिग. आणि जून आला की नेरळ ते अमन लॉज गाडी दरवर्षी बंद, वर अमन लॉज ते माथेरान तेवढी शटल चालू. आमच्या भाषेत याला पॅकेज 'होल्ड'वर टाकणं म्हणतात. पाऊस संपेपर्यंत याला कुणी हलवायचं नाही.

त्या मार्गावर वॉटर पाइप नावाचं एक स्टेशन आहे. ते नाव का, हे गाडीत चार जणांना विचारा, पाच कारणं मिळतील. नाव मात्र कुणी काढत नाही. माझ्या फाइलींमधल्या निम्म्या ओळी वॉटर पाइप आहेत.

कारण बदल जपणं सोपं आहे, बदलाचं कारण जपणं अवघड. यासाठीही माणसांनी सोय केलीय. जोई हेस नावाच्या डेबियनवाल्याने 'ईटीसीकीपर' लिहिला. हा अख्ख्या 'वगैरे'ची रोजनिशी ठेवतो. अपडेटच्या आधी एक नोंद, नंतर एक नोंद, आणि मधे तुम्ही काही बदललंत तर का बदललं ते लिहायला जागा देतो. चलनांच्या प्रकरणानंतर मी तो लगेच बसवला. त्यातल्या माझ्या नोंदी क्रमाने अशा आहेत: 'बदल'. 'बदल २'. 'पुन्हा बदल'. 'आधीचा बदल चुकला'. 'बदल'.

हसू नका. तुमच्या घरात बघा. आमच्या मागच्या दाराबाहेर एक वीट होती. भिंतीला टेकून, किंचित तिरकी. तिच्यावर कुणी बसत नसे, तिने काही अडत नसे, आणि ती हलवायची नाही एवढंच लहानपणापासून... नाही, लहानपणापासून नाही, २००५ पासून. गेल्या मे महिन्यात मागे लाद्या बसवून घेतल्या तेव्हा मिस्त्रीने ती उचलून तुळशीवृंदावनामागे ठेवली. छान सपाट, गुळगुळीत अंगण झालं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरात घोटाभर पाणी.

तेव्हा आईने सांगितलं. २६ जुलैच्या पावसात डोंगराकडून आलेला लोंढा मागच्या दाराने आत शिरला होता. माथेरानच्या रुळांची त्याच पावसाने दाणादाण उडवली, गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. बाबांनी मात्र दुसऱ्याच दिवशी वीट बसवली, कारण तिला टेंडर नव्हतं. पाणी कसं येतं ते दोन पाऊसभर बघून त्यांनी ती सरकवून सरकवून अशी तिरकी लावली, की लोंढा दारावर येताना वळून मोरीकडे जायचा. एक वीट. बाबांनी तिच्याबद्दल एवढंच म्हटलं होतं, "हलवू नका." का, ते त्यांना कुणी विचारलं नाही. आणि आता विचारायची सोय नाही.

साडेबाराला लाइट आली. पंखा फिरला, राउटरचे दिवे लागले, आणि ठाण्यापलीकडच्या कुठल्याशा एसीत तो प्रश्न तसाच उभा होता. जुनी ठेवू की नवी घेऊ? सत्र आधीच टीमक्समध्ये उघडून ठेवलं होतं, त्यामुळे रेंज गेली तरी प्रश्न जात नाही. एवढं मी शिकलोय. डी दाबला. फरक दिसला. पॅकेजवाल्यांच्या बाजूने एका टीपेतलं स्पेलिंग सुधारलेलं. माझ्या बाजूने एक आकडा, ३७, आणि त्याच्या वर माझ्याच हातची टीप: 'हे बदलू नये. – मी'.

सदतीस का? तीस का नाही, चाळीस का नाही? रोजनिशी उघडली. त्या दिवशीची नोंद होती, 'बदल'. मी त्या 'मी'कडे बराच वेळ बघत बसलो. ओळखीचा वाटेना.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली. "अरे, पाणी आलं बघ!"

झेड दाबला आणि परिस्थिती बघायला गेलो.

मागच्या दारात दोन बोटं पाणी. आई गोणपाट टाकून, हातात टॉर्च घेऊन उभी. जूनमध्ये मीच परत बसवलेली वीट पुन्हा जागेवर नव्हती, वीतभर लांब सरकली होती. बायको डोळे चोळत आली. "मी फक्त बादली ठेवायला जागा केली," ती म्हणाली.

मी पावसात उतरून वीट उचलली आणि भिंतीशी टेकवली. पाणी तसंच आत. आईने टॉर्च धरला. "जरा उजवीकडे. नाही, तेवढी नको. त्यांची अशी नव्हती. डावं टोक थोडं बाहेर काढ. अजून. अजून एक बोट. थांब." पाण्याने क्षणभर विचार केला आणि ते मोरीकडे वळलं.

आई टॉर्च विझवून आत गेली. मी मुलाच्या दप्तरातून खडू आणला आणि विटेभोवती नीट रेघ मारून ठेवली, टोकाशी बाण काढला, वर लिहिलं, 'हलवू नये, लोंढा दारावर येतो'. सकाळी उठून बघितलं तर खडू धुऊन गेला होता.